फ्यूम हूड की लॅमिनार? आधी हवेची दिशा बघा

पुढे सरकती काच, आत दिवा, डोक्यावर घरघरणारा पंखा. नवख्याला प्रयोगशाळेतली फ्यूम हूड आणि लॅमिनार (लॅमिनार फ्लो कॅबिनेट) ही दोन कपाटं सख्खी भावंडंच वाटतात. त्यातूनच ‘हूडजवळ गर्दी आहे ना, मग आम्ल लॅमिनारमध्ये ओत’ असा सल्ला कधीतरी कानावर पडतो. तो अजिबात ऐकू नका.

फ्यूम हूड समोरून खोलीतली हवा आत ओढतं आणि नळीवाटे इमारतीबाहेर सोडतं. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण ०.५ मीटर असतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा क्लोरोफॉर्मची वाफ त्यामुळे तुमच्या नाकापर्यंत पोचत नाही. इथे राखण होते ती माणसाची. आतल्या नमुन्यावर खोलीतली धूळ बसली तर बसली.

लॅमिनारमध्ये सगळं उलटं. हवा हेपा फिल्टरमधून गाळून नमुन्यावर सोडलेली असते आणि तिथून ती बाहेर, म्हणजे तुमच्याच अंगावर येते. जपायची असते ती उघडी पेट्री डिश, म्हणजे जीवाणू वाढवायची उथळ बशी. हेपा ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो, म्हणून जीवाणू आणि बुरशीचे बीजाणू त्यात अडकतात. वाफ मात्र सुट्या रेणूंची. ती हेपाला जुमानत नाही. शिवाय बाटली उघडतो आपण फिल्टरच्या पुढे, मग गाळण्याचा प्रश्नच कुठे येतो? पंखा ती वाफ सरळ तोंडावर मारतो. त्यापेक्षा उघडं टेबल परवडलं!

रोगजंतूंचं कामही लॅमिनारमध्ये करायचं नाही, कारण तेच. त्यासाठी बायोसेफ्टी कॅबिनेट असतं. ‘क्लास टू’ प्रकारचं कॅबिनेट माणूस आणि नमुना दोघांनाही सांभाळतं, पण त्याच्या नेहमीच्या रचनेत बरीचशी हवा गाळून पुन्हा आतच फिरते. म्हणून उडून जाणारी रसायनं तिथेही नकोत.

हूडमध्ये काम काठापासून १५ सेंटिमीटर आत करावं, काच जमेल तितकी खाली ठेवावी आणि डोकं बाहेरच राहू द्यावं. बाटल्यांचं कोठार केलं की प्रवाह अडतो. लॅमिनारमध्ये हात फिल्टर आणि उघड्या डिशच्या मध्ये येऊ देऊ नये. बसण्याआधी अतिनील दिवा बंद झालाय ना, हे बघावं, नाहीतर डोळे आणि कातडी भाजते.

यंत्रावर पाटीच नसेल तर टिश्यू पेपरची पट्टी तोंडाशी धरा. तुमच्याकडे फडफडली तर आम्लाची बाटली उघडू नका. आत ओढली गेली तरी लगेच हूड समजू नका, बायोसेफ्टी कॅबिनेटही हवा आत ओढतं. अशा वेळी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला विचारूनच बाटलीला हात लावा.