ब्लूटूथ आहे म्हणजे टेलिकॉइल आहे असं नाही

आईला नवं कानाचं मशीन घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "ब्लूटूथ आहे, सगळं वायरलेस. आता काळजी नको." त्या भरवशावर तिला बालगंधर्वला नाटकाला नेलं. बाराव्या रांगेत तिला शेजारच्या पिशवीची चुरचुर ऐकू आली, संवाद मात्र नाहीत. घरी त्याच मशीनवर ताईचा फोन अगदी स्वच्छ येतो.

चूक मशीनची नव्हती, आमच्या समजुतीची होती. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये मशीनची जोडी आपल्या फोनशी किंवा टीव्हीच्या डबीशी जुळवावी लागते. रंगमंचावरच्या माइकशी ती जुळत नाही. मग उरतो मशीनचा स्वतःचा माइक, आणि त्याचा शत्रू म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. नटाचा आवाज लांबून क्षीण होऊन येतो, शेजारची चुळबुळ जवळून, आणि मशीन दोन्ही मोठे करतं.

टेलिकॉइल म्हणजे मशीनमधली तांब्याच्या तारेची इवलीशी गुंडाळी. सभागृहात आसनांभोवती तारेचं वेटोळं टाकलेलं असतं, त्याला लूप म्हणतात. माइकचा आवाज ॲम्प्लिफायरमधून या तारेत वीजप्रवाह होऊन फिरतो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि गुंडाळी ते पकडते. मशीन 'टी'वर टाकायचं, बस्स. जोडी जुळवणं नाही, पासवर्ड नाही. लूपच्या आत दहा जण असोत की दोनशे, प्रत्येकाला नट कानाशी बोलल्यासारखा वाटतो. विजेच्या तारा जवळ असतील तर घूं असा आवाज येतो, हे खरं. आणि सभागृहात लूपच नसेल तर गुंडाळी बिचारी काय करणार!

ऑराकास्ट हे २०२२मध्ये जाहीर झालेलं नाव. हेही ब्लूटूथच, पण एकाच वेळी कितीही जणांना प्रसारण करणारं. जुन्या ब्लूटूथ मशीनवर ते सहसा चालत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी वेगळं विचारावं.

टेलिकॉइलबद्दलही तसंच. छोट्या, चार्जिंगच्या मशीनमध्ये जागेअभावी ती अनेकदा वगळतात. असली तरी ऑडिओलॉजिस्टने 'टी' प्रोग्रॅम सुरू करून द्यावा लागतो. आईच्या जुन्या, कानामागच्या मशीनमध्ये ती सहा वर्षं होती. कुणी सुरूच करून दिली नव्हती.