डेबकॉन्फ प्रश्नांची भाषांतरे आणि अवलंबित्वे

डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींत एखादे पॅकेज (बसवायला तयार बांधलेला प्रोग्रॅम) बसवताना ते काही प्रश्न विचारते: डेटाबेस कुठे आहे, सेवा आपोआप सुरू करायची का, पासवर्ड कोणता. हे प्रश्न विचारण्याचे आणि उत्तरे जपण्याचे काम डेबकॉन्फ करते. ते मूळ जोई हेस यांनी लिहिले. प्रश्नांचा मजकूर ‘टेम्प्लेट्स’ फाइलमध्ये, ते विचारण्याचा क्रम ‘कॉन्फिग’ स्क्रिप्टमध्ये आणि मिळालेल्या उत्तरांचा वापर फाइली बसल्यावर चालणाऱ्या ‘पोस्टइन्स्ट’ स्क्रिप्टमध्ये असतो. प्रत्येक प्रश्नाला लो, मीडियम, हाय किंवा क्रिटिकल अशी निकड असते.

सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यांसाठी बिले आणि सुताचा साठा सांभाळणारे पॅकेज करायचे आहे असे धरू. कार्यालयात मराठी, मागावर तेलुगू, अक्कलकोट बाजूच्या गिऱ्हाइकांत कन्नड. म्हणजे प्रश्न एकच, भाषांतरे तीन. टेम्प्लेट्समध्ये ज्या ओळीचे भाषांतर हवे तिच्या नावाआधी एक अधोरेषा द्यायची. पर्यायांच्या ओळीला मात्र दोन द्याव्यात. मग ‘चादर’, ‘टॉवेल’, ‘साडी’ हे पर्याय भाषांतरकाराला सुटेसुटे मिळतात. एकच अधोरेषा दिली तर पूर्ण यादी एका ओळीत येते, आणि भाषांतरात स्वल्पविराम वाढला किंवा क्रम उलटला की मराठीत निवडलेला पर्याय भलत्याच इंग्रजी पर्यायाशी जुळतो. डेबकॉन्फ मूळ इंग्रजी मूल्यच साठवते, त्यामुळे ही चूक पडद्यावर दिसत नाही. ती थेट बिलात उतरते.

डेबकॉन्फ-अपडेटपीओ ही कमांड चालवली की डेबियन/पीओ या फोल्डरात नमुना फाइल ताजी होते आणि मराठी, तेलुगू, कन्नड फाइली तिच्याशी जुळवल्या जातात. इंग्रजी वाक्यात एक अक्षर बदलले तरी जुन्या भाषांतरावर ‘फझी’ (पुन्हा तपासायला हवे) अशी खूण पडते आणि वापरणाऱ्याला ते वाक्य पुन्हा इंग्रजीत दिसते. म्हणून मूळ वाक्ये आधी पक्की करावीत, भाषांतर नंतर मागावे. बदल फक्त स्पेलिंगचा असेल तर फझी खूण काढून टाकावी. भाषांतरकाराला पुन्हा राबवू नये. आवृत्ती निघण्याआधी पीओडेबकॉन्फ-रिपोर्ट-पीओने भाषांतरकारांना कळवता येते, आणि आलेली फाइल एमएसजीएफएमटी या भाषांतर-फाइलींवरच्या कमांडच्या तपासणी पर्यायाने पाहावी. डॉलरचिन्ह आणि महिरपी कंसांतली नावे जशीच्या तशी राहायला हवीत. ‘हो दाबा’ असे लिहिणे टाळावे, कारण ग्राफिकल रूपात तिथे बटणाऐवजी चौकट असू शकते.

खरी अडचण अवलंबित्वाची, म्हणजे पॅकेजला चालायला लागणाऱ्या इतर पॅकेजांची. पॅकेज बांधताना चालणारे डीएच-इन्स्टॉलडेबकॉन्फ हे पॅकेजच्या अवलंबित्व-चलात ‘डेबकॉन्फ ०.५ किंवा नंतरचे, अथवा डेबकॉन्फ-२.०’ अशी नोंद घालते. दुसरा पर्याय सीडेबकॉन्फसारख्या पर्यायी अंमलबजावणीसाठी असतो. ते चल पॅकेजची माहिती ठेवणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये लिहायचे राहिले तर नोंद पोचत नाही. पॅकेज उघडण्याआधी चालणारी प्रीइन्स्ट स्क्रिप्ट प्रश्न विचारत असेल तर साधे अवलंबित्व पुरत नाही, पूर्व-अवलंबित्व (ते पॅकेज आधीच बसलेले असण्याची अट) लागते.

पण यापलीकडे कॉन्फिग स्क्रिप्टची एक अट आहे. पॅकेजे आणून बसवणारे एपीटी ही कॉन्फिग स्क्रिप्ट पॅकेज उघडण्याआधीच चालवते, तेव्हा त्याची अवलंबित्वे अजून बसलेली नसतात. डेटाबेसचा क्लायंट अवलंबित्वात लिहिलेला असूनही कॉन्फिगमध्ये त्याला हाक मारली की नव्या संगणकावर ती कमांड सापडत नाही. एपीटीच्या खालच्या थरातल्या डीपीकेजीने थेट बसवून पाहणाऱ्याला ही चूक दिसत नाही, कारण तिथे कॉन्फिग उशिरा चालते. एपीटी-युटिल्स (कॉन्फिग आधी चालवायला एपीटीला लागणारे पॅकेज) नसलेल्या संगणकावरही तेच होते. म्हणून चाचणी नव्या प्रणालीवर, एपीटीने, एपीटी-युटिल्स बसवूनच करावी. कॉन्फिगमध्ये फक्त मूलभूत कमांड वापराव्यात आणि क्लायंटशिवाय उत्तर न मिळणारे प्रश्न पोस्टइन्स्टमध्ये न्यावेत. याच पोस्टइन्स्टमध्ये सेवा सुरू करण्याआधी डेबकॉन्फशी संवाद संपवणारे डीबी-स्टॉप द्यावे. नाहीतर सेवा डेबकॉन्फकडची वाहिनी उघडी धरते आणि इन्स्टॉल अडकते.

देवनागरीसाठी आणखी एक मर्यादा आहे. लिनक्सचा साधा मजकुरी पडदा जोडाक्षरे नीट जुळवत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्येही मराठी फक्त ग्राफिकल रूपात मिळते. त्यामुळे भाषांतर तपासायला ग्राफिकल टर्मिनल घ्यावे आणि एमआर-आयएन हे मराठीचे लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) आधी तयार करावे.

पॅकेज पुरते पुसताना, ते काढल्यावर चालणाऱ्या पोस्टआरएम स्क्रिप्टमध्ये डीबी-पर्ज चालवून जपलेली उत्तरे काढायची असतात. तोपर्यंत डेबकॉन्फ स्वतःच काढलेले असू शकते, म्हणून त्याची कॉन्फमॉड्यूल फाइल (स्क्रिप्टांना डेबकॉन्फशी जोडणारी) आहे का ते आधी पाहावे. नसेल तर ती पायरी गाळून पुढे जावे.