अपक्षाचे चौदा दिवस

अपक्ष म्हणून लढलेल्या पुढाऱ्याचे आत्मचरित्र हाती घेतले की आधी निवडणुकीचे साल पाहावे. १९९६च्या ऑगस्टआधीची अपक्ष उमेदवारी आणि त्यानंतरची, यांत फार अंतर आहे.

१९५१-५२ साली प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. शिक्का मारायचा नव्हता, हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. तेव्हा ३७ अपक्ष लोकसभेत गेले. पुढे मात्र संघटनेविना टिकणे अवघड होत गेले. १९६७ साली काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले आणि स. गो. बर्व्यांकडून हरले. बर्व्यांच्या निधनानंतरची पोटनिवडणूकही त्यांनी गमावली. १९६९ साली पश्चिम बंगालमधल्या संयुक्त आघाडीचा पाठिंबा मिळाला तेव्हा तिथल्या मिदनापूरमधून ते अपक्ष म्हणूनच जिंकले.

१९९६च्या लोकसभेला १३,९५२ उमेदवार होते. त्यांतले १०,६३५ अपक्ष, आणि निवडून आले फक्त ९. अनामत अवघी ५०० रुपये होती. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडल्याने एकट्या बेळगावात साडेचारशेहून अधिक उमेदवार झाले आणि मतदान पुढे ढकलावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टपासून कायदा बदलला. अनामत १०,००० झाली (आता २५,०००, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी) आणि माघारीच्या मुदतीपासून मतदानापर्यंतचे किमान २० दिवस १४ वर आले.

ही १४ दिवसांची अट अपक्षालाच खरी जाचते. पक्षाचे चिन्ह लोकांना आधीच पाठ असते. अपक्षाला मुक्त (कोणत्याही पक्षासाठी न राखलेल्या) चिन्हांतली तीन पसंतीने लिहून द्यावी लागतात आणि वाटप होते माघारीनंतर. तोवर पत्रके छापता येत नाहीत, भिंती रंगवता येत नाहीत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (उमेदवारी सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. त्यांतला एक जरी मतदार यादीत सापडला नाही तरी छाननीत अर्ज बाद होतो. म्हणून जाणकार वेगवेगळे सूचक घेऊन परवानगी असलेले चारही अर्ज भरतात. मतदार यादी पक्षाच्या उमेदवाराला फुकट, अपक्षाला विकत. मान्यताप्राप्त पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरत नाहीत. अपक्षाला ही सोयच नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते पडली नाहीत तर डिपॉझिट जाते ते वेगळेच.

निकालानंतरची प्रकरणे वाचताना 'पाठिंबा' आणि 'प्रवेश' हे शब्द नीट पाहावेत. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेला अपक्ष एखाद्या पक्षात गेला तर त्याचे सदस्यत्व जाते. बाहेरून पाठिंबा देण्यास मात्र आडकाठी नाही. १९९५ साली महाराष्ट्रात ४५ अपक्ष आमदार आले. शिवसेना-भाजपकडे १३८ जागा होत्या आणि बहुमताला १४५ हव्या होत्या. त्या विधानसभेतल्या अपक्षांच्या आठवणींत प्रचारापेक्षा या सात जागांच्या वाटाघाटी किती पाने घेतात, ते मोजून पाहावे.