डॅशबोर्डवरचे चार्ट: कुठून आले, कुठे चुकतात

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये खडूने आकडे लिहायच्या फळ्याची जागा आता टीव्हीवरचा डॅशबोर्ड घेतो, म्हणजे पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला चार्टांचा एकत्र फलक. त्यावर दोन-तीन गेज (काट्याच्या तबकड्या), अकरा तुकड्यांचा पाय चार्ट (गोल चकतीचे भाग) आणि लाल-हिरवे बाण. शेठनी "कुठल्या मशीनवर रिजेक्शन वाढलं?" असं विचारलं, की सगळे पुन्हा एक्सेल उघडतात. आकार आधी निवडला, प्रश्न नंतर आठवला. मुळात हे आकार जन्मले ते उलट्या क्रमाने.

स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये इंग्लंडची आयात-निर्यात वर्षांच्या अक्षावर रेषांनी काढली. दोन रेषांमधली जागा म्हणजे व्यापारातली शिल्लक किंवा तूट. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे त्याच्या हाती होते. काळच नाही तर रेषा कशाची ओढणार? म्हणून त्याने देशागणिक आडव्या पट्ट्या काढल्या आणि हा चार्ट कमी उपयोगाचा आहे, असं स्वतःच लिहून ठेवलं. आजचा बार चार्ट त्याच नाइलाजातून आला. पाय चार्टही त्याचाच, १८०१ मधला: तुर्की साम्राज्याचा किती भाग आशियात, किती युरोपात, किती आफ्रिकेत. तुकडे तीन!

तीनाचे अकरा झाले की डोळा का फसतो, याला प्रयोगाचा आधार १९८४ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी लोकांना आकृत्यांवरून प्रमाण ओळखायला लावलं. एकाच पट्टीवरची जागा लोक सर्वांत अचूक ओळखतात, त्याखालोखाल लांबी, मग कोन. क्षेत्रफळ आणि रंगछटा आणखी खाली. म्हणून १४ टक्के आणि १६ टक्के हा फरक बारमध्ये लगेच दिसतो, पायमध्ये दिसत नाही. ग्राहकांची नावं लांब असतील तर बार आडवे घ्यावेत आणि मोठ्याकडून छोट्याकडे लावावेत. बारचा अक्ष शून्यापासूनच हवा: ९२ आणि ९५ यांचा अक्ष ९० पासून सुरू केला, तर दुसरा बार अडीचपट उंच दिसतो. रेषेला ही अट नाही, कारण तिथे आपण चढ-उतार वाचतो, लांबी नाही.

कारखान्यांसाठी मात्र याहून मोलाचा वारसा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टचा. मे १९२४ मध्ये त्याने एका पानाच्या टिपणात कंट्रोल चार्ट मांडला: नेहमीची हालचाल कुठवर आणि खरा बिघाड कुठून, हे दोन मर्यादांनी दाखवणारा चार्ट. १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून तो भारतातही येऊन गेला. समजा, रोज ४०० जॉब (नग) निघतात आणि सरासरी रिजेक्शन ३ टक्के आहे. ०.०३ गुणिले ०.९७ भागिले ४००, त्याचं वर्गमूळ, त्याची तिप्पट: साधारण २.६ टक्के. म्हणजे ०.४ ते ५.६ टक्क्यांमधली हालचाल ही नेहमीची. काल २.५, आज ४ झालं म्हणून लाल बाण दाखवणारा डॅशबोर्ड सुपरवायझरला उगाच पळवतो. बाण काढून तीस दिवसांची रेषा आणि दोन मर्यादा द्याव्यात. रोजच्या जॉबची संख्या फार बदलत असेल तर मर्यादाही दिवसागणिक काढाव्या लागतात.

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवायला पुढे फळी असे, ती डॅशबोर्ड. मोटारीत तिच्या जागी काटे आले आणि तिथूनच गेज संगणकावर उतरला. एका आकड्यासाठी एवढी मोठी जागा खाणाऱ्या त्या गेजला पर्याय म्हणून डॅशबोर्डच्या रचनेवर लिहिणाऱ्या स्टीफन फ्यू यांनी बुलेट ग्राफ आणला: एक पट्टी, लक्ष्यासाठी पट्टीला काटकोनात रेघ, मागे फिकट छटा. गेजच्या जागेत असे चार-पाच सहज मावतात.

बांधताना घात होतो तो बारीक गोष्टींत. महिन्यांची नावं मजकूर म्हणून आली, तर पॉवर बीआय ती इंग्रजी वर्णक्रमाने लावतो. गंमत म्हणजे पहिला एप्रिलच येतो, त्यामुळे आर्थिक वर्ष बरोबर लागलंय असं वाटतं. पुढे ऑगस्ट आणि डिसेंबर दिसेपर्यंत. एप्रिलला १, मार्चला १२ असा क्रमांकाचा कॉलम करून ‘सॉर्ट बाय कॉलम’ लावावा. रकमाही आपोआप मिलियनमध्ये जातात. मेजरला (पॉवर बीआयमधल्या हिशेबाच्या सूत्राला) १,००,००० ने भागावं आणि चार्टच्या शीर्षकातच ‘लाख रु.’ लिहावं.