बाहेरची भिंत आतून कशी बांधतात?

मागच्या उन्हाळ्यात आईला युरिन इन्फेक्शन झालं, सोलापूरचं ऊन आणि पाणी कमी पिणं, होणारच. कल्चर रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला आणि खाली निम्म्या औषधांपुढे रेझिस्टंट लिहिलेलं. आईनं विचारलं, एवढासा जंतू, मग औषध त्याला लागत का नाही गं?

रेझिस्टन्सची कारणं बरीच आहेत, पण एक मोठं कारण म्हणजे त्याचा बाहेरचा पडदा. ई. कोलायसारख्या ग्राम निगेटिव्ह जंतूंना दोन पडदे असतात. बाहेरच्यात पोरिन नावाच्या प्रोटीनच्या बारीक नळ्या, त्यातून साधारण 600 डाल्टनपर्यंतचेच (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) रेणू आत जातात. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक 1400 च्या वर, ते बाहेरच अडकतं.

आता बघा, ही नळी बसते सगळ्यात बाहेर, पण तयार होते पार आत, रायबोसोमवर, म्हणजे पेशीच्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर. मग ती जाते कशी? आमच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी विणतात, तिथं कुणालाही विचारा, विणलेली चादर सुईच्या भोकातून जाईल का? नाही, सूत जाईल. जंतूही तेच करतो, प्रोटीन न विणता सुतासारखं सरळ ठेवतो, सेक-बी नावाचं मदतनीस प्रोटीन ते गुंतू देत नाही, सेक-ए नावाचं दुसरं प्रोटीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून ते आतल्या पडद्याच्या भोकातून ढकलतं. कुठं जायचं ते सुताच्या टोकावरच लिहिलेलं असतं, पलीकडे पोचलं की ते टोक कापून टाकतात. प्रोटीनवर असा पत्ता असतो हे दाखवल्याबद्दल शास्त्रज्ञ ग्युंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

पण मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. दोन पडद्यांच्या मधल्या जागेत एटीपीच नसतं, म्हणजे मशीन आहे पण लाईट नाही! तिथं सुर-ए आणि स्कप ही प्रोटीनं सूत हातात धरून नेतात, बिघडलेलं असलं तर डेग-पी नावाचं प्रोटीन त्याचे तुकडे करतं. आणि बाहेरच्या पडद्यात बसलेलं बॅम नावाचं पाच प्रोटीनचं मशीन त्याची नळी विणतं. त्यातलं मुख्य बॅम-ए स्वतःच एक नळी, 16 पट्ट्यांची, तिची शिवण एका बाजूनं सैल असते. नव्या प्रोटीनची शेवटची पट्टी त्या सैल कडेला चिकटते, मग बाकीच्या एकेक करत जुळतात, नळी पूर्ण झाली की सुटून पडद्यात सरकते. एटीपी नसताना विणायची ताकद येते ती विणण्यातूनच, कारण विणलेली नळी सुट्या सुतापेक्षा जास्त स्थिर असते. आणि नवीन बॅम-ए कोण बसवतं? आधीचं बॅम-ए, जे पेशी दुभंगताना आई-पेशीकडून मिळालेलं असतं.

2019 मध्ये डॅरोबॅक्टिन नावाचा रेणू सापडला, सूत्रकृमीच्या (दोऱ्यासारख्या बारीक किड्याच्या) आतड्यात राहणाऱ्या एका जंतूकडून. तो आकारानं मोठा, पोरिनमधून जाणारा नाही, पण त्याला आत जायची गरजच नाही कारण बॅम-ए बाहेरच्या पडद्यातच आहे. तो त्या शेवटच्या पट्टीसारखा दिसतो, त्याच सैल कडेला जाऊन चिकटतो आणि विणकाम तिथंच थांबतं. मेडिकलमध्ये तो अजून मिळत नाही, पण आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे दारातच धरला की मेल्याला.