एकाला दिसतं ते दुसऱ्याला सांगायचं कसं? सहकारी व्हिडिओ गेमची पार्श्वभूमी

१९७८ साली अटारी कंपनीने ‘फायर ट्रक’ नावाचं आर्केड मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायचं मोठं गेम मशीन, आणलं. पडद्यावर शिडीचा लांबलचक आगीचा बंब, आणि तो चालवायला दोघं. पुढचा खुर्चीत बसायचा. त्याच्याकडे स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक. दुसरा त्याच्या पाठीमागे उभा राहून शिडीच्या मागच्या भागाचं वेगळं स्टिअरिंग सांभाळायचा. पुढचा कुठे वळणार हे मागच्याला वेळेत कळलं नाही की बंबाचं शेपूट रस्त्यातल्या गाड्यांवर आदळलंच. त्याआधी १९७२ सालच्या ‘पाँग’मध्येही दोघं खेळायचे, पण एकमेकांविरुद्ध. तिथे बोलायची गरजच नव्हती. पहिल्या सहकारी, म्हणजे एकमेकांच्या साथीने खेळायच्या, आर्केड गेमचा मान सहसा ‘फायर ट्रक’लाच दिला जातो.

या खेळांचा पुढचा सगळा प्रवास मला एकाच प्रश्नातून उलगडत गेलेला दिसतो: खेळ रचणाऱ्याने कोणाच्या हातात काय दिलं आणि कोणापासून काय राखून ठेवलं? जे राखून ठेवलेलं असतं, त्याच्यापायी माणसं तोंड उघडतात.

नव्वदच्या दशकात टीव्हीला गेम जोडून, कॅसेटला फुंकर मारून ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्यांना हे लगेच पटेल. कोनामी कंपनीच्या १९८७ सालच्या, दोघांनी मिळून शत्रूंशी लढायच्या या खेळात धबधब्याची एक लेव्हल आहे. वर चढणाऱ्या गड्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर गेला की त्याचं एक लाइफ जातं. म्हणजे हुशार गडी भराभर वर गेला तर तोच आपल्या जोडीदाराला मारतो. आमच्याकडे सुटीतल्या दुपारी या एका लेव्हलवर जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नसतील. “थांब ना रे, मला येऊ दे!” हे वाक्य आणि ते ऐकून खरोखर थांबणं, दोन्ही आम्ही तिथेच शिकलो.

पुढे खेळाडू एका खोलीतून आपापल्या घरी गेले आणि बोलायचं कसं हा नवा पेच पडला. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळामध्ये मोठ्या मोहिमांना, म्हणजे रेडना, ४० जण लागायचे. टँकने मार खायचा, हीलरने त्याला जगवायचं, बाकीच्यांनी घाव घालायचे. ऐन लढाईत टाइप करायला बोटं मोकळी कुठून असणार? म्हणून टीमस्पीक, व्हेंट्रिलोसारखी बोलण्याची सॉफ्टवेअर लोकांनी जवळ केली. कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रावर, मायक्रोसॉफ्टने २००२ सालीच एक्सबॉक्स लाइव्ह या आपल्या ऑनलाइन सेवेच्या पहिल्या संचात हेडसेट दिला होता. पण ४० जण एकदम बोलले तर कोणाचंच कोणाला कळत नाही. मग शिस्त आली: रेडचा म्होरक्या बोलणार, इतरांनी कामापुरतं बोलायचं. लांब वाक्यं गळून पडली आणि कोण, कुठे, केव्हा एवढंच उरलं.

हीच बोली पुढे मोबाइलवर उतरली. २०१८ साली पबजी मोबाइल आला, २०२० साली भारतात त्यावर बंदी आली, २०२१ साली तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) होऊन परतला. चौघांचा स्क्वाड खेळत असेल तर जरा कान देऊन ऐका. “डावीकडे आहे” असं नवखा म्हणतो. पण चौघांची तोंडं चार दिशांना, मग डावीकडे म्हणजे कोणाच्या? मुरलेला गडी म्हणतो, “१२० वर एक, दगडामागे.” पडद्याच्या वरच्या होकायंत्रावरचे अंश सगळ्यांना सारखेच असतात. आपल्याला जे दिसतं ते समोरच्याच्या जागी उभं राहून सांगायचं, ही फार मोठी गोष्ट आहे आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं ती सहज करतात.

माइकची दुसरी बाजू मात्र कडू आहे. बाईचा आवाज ऐकू आला की शेरेबाजी आणि शिवीगाळ सुरू होते, म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवून खेळतात. २०१९ सालच्या ‘एपेक्स लेजंड्स’ या नेमबाजीच्या खेळाने त्यांना निदान एक वाट दिली. एक बटण दाबलं की शत्रू, शस्त्र किंवा जायची जागा साथीदारांच्या पडद्यावर उमटते आणि तुमचं पात्र तुमच्या वतीने ते बोलून दाखवतं. याला पिंग म्हणतात. २०२१ साली हा खेळ काढणाऱ्या ईए कंपनीने या पिंगचं पेटंट इतरांना विनामूल्य वापरायला खुलं केलं. चांगलं केलं. पण मुलींना गप्प बसावं लागतं यावर पिंग हा इलाज नव्हे. तो इलाज स्क्वाडमधल्या मुलग्यांनीच करायला हवा.

पिंगच्या अगदी उलट टोकाला आहे कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्सचा २०१५ सालचा ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’. इथे बोलण्याशिवाय हातात काहीच नाही. एकाला बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा ते ठाऊक नसतं. दुसऱ्याकडे माहितीपुस्तिका असते, पण त्याने पडद्याकडे बघायचं नाही. पुस्तिकेत तारांचे नियम आधी संख्येनुसार मांडलेत: तीन तारा असतील आणि लाल एकही नसेल तर दुसरी काप, चार असतील तर नियम निराळे. भाचीबरोबर पहिल्यांदा खेळलो तेव्हा बॉम्ब माझ्यासमोर होता. मी घाईघाईने सांगायला लागलो, “निळी आहे, मग पिवळी, मग परत निळी...” घड्याळ पळत होतं. ती पानं उलटत ओरडली, “मामा, रंग नको! आधी किती आहेत ते सांग!”

आमचे पहिले तीन बॉम्ब फुटले. चौथ्याला तिने विचारायच्या आत मी म्हणालो, “तीन तारा. लाल नाही.” पलीकडून फक्त एवढंच आलं, “दुसरी काप.”