शास्त्राचा खासगी अर्थ आणि ख्रिस्तसभेचा अधिकार

बायबलमधील वचनाचा अर्थ लावताना शेवटचा शब्द कोणाचा, यावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात सोळाव्या शतकापासून चाललेला वाद. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत, धर्मपरिषदाही चुकू शकतात, असे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मान्य केले. दोन वर्षांनी वर्म्स येथे, शास्त्राधाराने किंवा स्पष्ट युक्तिवादाने चूक दाखवल्याशिवाय माघार घेणार नाही, असे त्याने सम्राटासमोर सांगितले. त्याला उत्तर कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी दिले: श्रद्धा व नीतीच्या बाबतीत ख्रिस्तसभेने (म्हणजे चर्चने) मानलेल्या अर्थाविरुद्ध कोणी स्वतःच्या बुद्धीने शास्त्राचा अर्थ लावू नये.

कॅथलिकांचा मुद्दा वजनदार आहे. बायबलमध्ये कोणती पुस्तके धरायची हेही ख्रिस्तसभेनेच ठरवले. मग अर्थाच्या वेळी तिला बाजूला कसे सारायचे? शास्त्रातील कोणतीही भविष्यवाणी खासगी अर्थ लावण्याची नाही, हे पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील १:२० हे वचन ते पुढे करतात. प्रोटेस्टंटांच्या मते ते वचन भविष्यवाणी कोठून आली याबद्दल आहे, ती कोणी वाचावी याबद्दल नाही. म्हणजे वाद मिटवणाऱ्या वचनावरच वाद!

१५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरने खडूने मेजावर ‘हे माझे शरीर आहे’ हे भाकरीविषयीचे ख्रिस्ताचे शब्द लॅटिनमध्ये लिहिले आणि तो त्यावरून हटला नाही. चौदा कलमांवर एकमत झाले, प्रभुभोजनावर, म्हणजे भाकरी व द्राक्षारसाच्या विधीवर, नाही. दोघेही शास्त्रच प्रमाण मानणारे होते. तरीही ‘प्रोटेस्टंट म्हणजे ज्याला वाटेल तो अर्थ’ हा आरोप अन्यायाचा आहे. ऑग्सबर्ग (१५३०), वेस्टमिन्स्टर (१६४६) असे सामूहिक विश्वासजाहीरनामे त्यांनीच लिहिले. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले, की ख्रिस्तसभेचा अध्यापनाधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे.

मराठीत हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका कोणी जगले नसेल. १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतल्यावरही चर्चच्या शिकवणुकीतील जे शास्त्रात आपल्याला दिसत नाही ते मानायला त्यांनी नकार दिला. इथल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारले, आता तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी आपल्या इंग्रज धर्मभगिनीला पत्रातून कळवले. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.